देठाचे ग्लास

आमच्या फ्रिजमध्ये दह्याला जागा नसायची. मधला अख्खा कप्पा समोरच्या काकांच्या ग्लासांनी अडवलेला असायचा. सहा ग्लास, तेही रिकामे. त्यात पाणी नाही, सरबत नाही, काही नाही. सकाळी साडेदहाला काका ते ट्रेमध्ये मांडून आणायचे, एकेक करून आत ठेवायचे, दार अलगद लावायचे आणि मला बजावून जायचे, "चिरलेला कांदा आत ठेवू नको गो. काचेला वास धरतो." त्यांची पाठ वळली की सासूबाई पुटपुटायच्या, "ह्यांची हवा गार करायला आपण फ्रिज घेतलाय का?"

ही वाशीतली गोष्ट, ऐंशी साल उलटल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी नुकतीच लग्न होऊन तिथे आले होते. तेव्हाची वाशी म्हणजे एकासारख्या एक तीन मजली इमारती, मध्ये मोकळे प्लॉट, संध्याकाळी डास, आणि खाडीपूल ओलांडून येणारी बस. इमारती इतक्या सारख्या की पाहुणे हमखास चुकीच्या घरात शिरायचे, तिथे चहा घ्यायचे आणि मग आपल्याकडे यायचे. आमच्या जिन्यावर आठ बिऱ्हाडं होती आणि फ्रिज एकच, आमचा. त्यामुळे कुणाची इंजेक्शनं, कुणाचा बर्फ आणि काकांचे ग्लास, सगळं आमच्याकडे.

काका मूळचे मालवणकडचे. फोर्टातल्या एका बड्या क्लबात त्यांनी तीस वर्षं बारमनची नोकरी केली होती. साहेबलोकांना कॉकटेलं बनवून द्यायची. 'बारमन' हा शब्द ते स्वतः छाती पुढे काढून म्हणायचे. बाकीचा जिना मात्र 'क्लबात होते हो' एवढंच सांगून गप्प बसायचा. गंमत म्हणजे ते थेंबभरही पीत नसत. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "एकदा चाखलंय. कफाच्या औषधासारखं लागतं. आणि काय गो, गुरांचा डॉक्टर कडबा खातो काय?"

त्यांचा जीव दारूवर नव्हताच, ग्लासावर होता. क्लबात बारा-बारांचे सेट असायचे. फुटता फुटता एखाददुसरा उरला की तो बाद. असे बाद झालेले त्रेचाळीस ग्लास क्लबानं त्यांना निवृत्तीच्या वेळी देऊन टाकले. कुठल्याही ग्लासाला जोडीदार नाही. उंच, बुटके, जाड बुडाचे, पोट सुटलेले, आणि त्यांचे लाडके देठाचे, म्हणजे खाली चपटी तबकडी, मध्ये बारीक देठ आणि वर पसरट वाटी. त्यांची इंग्रजी नावं काकांना पाठ होती, पण आमच्यासाठी त्यांनी सगळं देशी करून घेतलं होतं. पसरट देठाच्या ग्लासात पन्हं, कारण वेलदोडा आधी नाकाला कळला पाहिजे. उंच सरळ ग्लासात लिंबूसोडा, कारण बुडबुड्यांना चढायला उंची हवी. सोलकढी बुटक्या जाड ग्लासात. पोट सुटलेल्या ग्लासात काय द्यावं हे त्यांना वर्षभर सुचत नव्हतं. शेवटी त्यातून ते स्वतः गुळवेलीचा काढा घ्यायला लागले. ग्लास तळहातावर धरून गोल गोल फिरवत तासभर बसायचे, आणि मध्येच एक घोट घेऊन वाईट तोंड करायचे.

"पण ग्लास गार कशाला करायचा? सरबत गार असतंच की," मी एकदा म्हटलं.

"उन्हात तापलेल्या पाटावर नवरदेव बसवून बघ," ते म्हणाले. "बसतो. पण तोंड कसं होतं?"

रविवारची सकाळ धुण्याची. साबण वर्ज्य. साबण काचेला चिकटून राहतो आणि सोड्याचा फेस मारतो, असं त्यांचं म्हणणं. कडकडीत पाणी, त्यात दोन थेंब व्हिनेगर. पुसायला जुन्या धोतराचे दोन तुकडे, एक ग्लासाचं बूड धरायला, दुसरा आतून फिरवायला. बोट काचेला लागता कामा नये. मग ग्लास किटलीच्या वाफेवर क्षणभर धरायचा, पुन्हा पुसायचा आणि बाल्कनीत जाऊन उजेडात बघायचा. एखादा डाग दिसला की घरी तार आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. मी एकदा मदत म्हणून पदरानं एक ग्लास पुसून दिला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाले, "पदराचे धागे चिकटतात. तुझा दोष नाही. पदराचा आहे."

एवढं सगळं करून ते जिन्यातल्या लोकांना बोलवायचे आणि लोक त्यांचा जीव घ्यायचे. तळमजल्यावरचे मास्तर, म्हणजे निवृत्त शाळामास्तर, भांड्याला कधी ओठ लावत नसत. पाणी असो की चहा, वरून ओतून प्यायचे. त्यांनी देठाचा पसरट ग्लास वीतभर उंच धरला आणि पन्हं ओतलं. ते चष्म्यावर पडलं, मिशीवर पडलं, सदऱ्यावर पडलं, थोडं तोंडातही गेलं.

"अहो मास्तर, ओठ लावण्यासाठीच तर ही कड एवढी पातळ केलीय!" काका कळवळून म्हणाले.

"उष्टं होतं," मास्तर चष्मा पुसत म्हणाले.

"मग धुवायचं!"

"आधी उष्टं करायचं आणि मग धुवायचं, ह्यापेक्षा उष्टंच न केलेलं बरं नाही का?" काकांना क्लबात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आमच्या सासूबाईंनी तर कहर केला. काकांनी एकदा ग्लासाच्या कडेवर लिंबाची फोड फिरवली, बशीत पसरलेल्या मीठ-जिऱ्यात तो उपडा दाबला, आणि कडेला पांढरी नक्षी उठलेला तो ग्लास सरबतासाठी सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो निरखून पाहिला. "ह्यातनं आधी कोणीतरी प्यायलेलं दिसतंय," म्हणाल्या, आणि उठून नळाखाली खसाखसा धुऊन आणला. काकांनी धोतराचा तुकडा काढून तो ओला ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

मी त्यांच्यावर हसायचे, पण मला ते फार आवडायचे. सासरी आल्यापासून 'तू काय घेणार?' असं मला विचारणारे ते पहिलेच.

काकांची बायको फार पूर्वी गेली होती. घरात ते आणि त्यांची मुलगी. मुलगी सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला, दिसायला छान, बोलायला कमी. तिचं लग्न दोनदा जमता जमता मोडलं होतं आणि दोन्ही वेळा एकाच कारणानं. तेव्हा मुलाकडचा कोणीतरी माणूस शेजारीपाजारी गुपचूप चौकशी करून जायचा. बाप दारूच्या बारवर होता आणि घरात दारूचे ग्लास मांडून ठेवलेत, एवढं कळलं की तिकडून 'कळवतो' असा निरोप यायचा. 'कळवतो' म्हणजे काय हे कळवावं लागत नाही.

तिसरं स्थळ ठाण्याचं आलं. माणसं मूळची साताऱ्याकडची. मुलगा बेलापूर रोडच्या एका कारखान्यात केमिस्ट होता. पत्रिका जुळली, आणि मध्यस्थानं दोघांची एकदा भेटही घडवली. गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं मला सांगितलं, "वहिनी, हा मला आवडलाय. खूप." मग चिमटा लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या वेळी ते ग्लास नकोत घरात. मी बाबांना सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

एवढंच. बरं. मला वाटलं होतं ते दोन दिवस जेवणार नाहीत.

ग्लास लपवायचे कुठे, ह्याचा तोडगा सासूबाईंनी काढला. "सात बिऱ्हाडं आहोत आम्ही. वाटून टाका. पाहुणे गेले की परत." काका त्रेचाळीस ग्लास घेऊन दारोदार फिरले, आणि वाटतानाही त्यांनी माणूस बघून ग्लास दिला. लहान मुलं असलेल्यांना जाड बुडाचे. मास्तरांना उंच, कारण त्यातून धार तरी सरळ पडेल. आम्हाला देठाचे, कारण मी शिकाऊ उमेदवार होते. त्यांच्या रिकाम्या शोकेसमध्ये आम्ही आमचे प्लास्टरचे पोपट आणि मास्तरांचा ताजमहाल मांडला. पाण्यासाठी सासूबाईंनी सहा स्टीलचे पेले दिले. ते वेगवेगळ्या लग्नांत अहेरात आलेले होते, प्रत्येकावर वेगळ्या लग्नाची तारीख कोरलेली.

ग्लास माळ्यावर ठेवायचे असं ठरलं होतं. पण असले चकचकीत ग्लास घरात आल्यावर माळ्यावर कोण टाकतं? एकूण एक बिऱ्हाडानं ते आपापल्या शोकेसमध्ये, दर्शनी, दिव्याखाली मांडले. आम्हीसुद्धा.

पाहुणे रविवारी पाच वाजता यायचे होते. साडेतीनला मुलाचे मामा एकटेच आले. डोक्याला टोपी, हातात छत्री. भाड्यानं जागा बघायला आलोय, असं त्यांनी प्रत्येक दारात सांगितलं. भाड्यानं जागा बघणारा माणूस समोरच्या मुलीचा स्वभाव विचारत नाही, त्यामुळे सगळ्यांनी त्यांना तत्काळ ओळखलं आणि मुलीवर स्तुतीचा वर्षाव केला. एप्रिलचं ऊन होतं. दारी आलेल्या माणसाला नुसतं पाणी कसं द्यायचं? आणि घरात एवढे भारी ग्लास असताना रोजच्या पेल्यात कसं द्यायचं? सातही घरांनी मामांना सरबत दिलं, आपापल्या वाट्याच्या सर्वांत देखण्या ग्लासात. मास्तरांनी तर काकांवरच्या प्रेमापोटी कडेला मीठही लावलं. त्यात मास्तरांचे त्या आठवड्यात डोळे आले होते. मी बेसनाचे लाडू वळत होते, तशीच उठले आणि देठाच्या ग्लासात कोकम दिलं. मामा प्रत्येक घरातून जास्त जास्त गंभीर होऊन बाहेर पडत होते. सात ग्लास सरबत पोटात गेल्यावर कोणीही गंभीर होईल, असं आम्हाला वाटलं.

पाचला मुलगा आणि त्याची आई आली, मामाही त्यांच्याबरोबर नव्यानं आल्यासारखे आले. मी मदतीला काकांकडेच होते. काका पांढराशुभ्र शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. मी स्टीलच्या पेल्यांतून पाणी दिलं. साडी बदलून डोक्यावर पदर घेतला होता, त्यामुळे मामांनी मला ओळखलं नाही. मुलगा किडकिडीत, चष्मा, तोंडातून शब्द नाही. मामांनी पाण्याला हात लावला नाही, साहजिकच होतं. त्यांनी घसा खाकरला.

"आक्का, मी आडून सांगत न्हाई. मघाशी येऊन समदी बिल्डिंग हिंडलो," ते बहिणीला म्हणाले, आणि मग काकांकडे वळले. "पाव्हनं, मानसं ग्वाड हायत, पर समदी पितात. घराघरात दारूचे गिलास! शोकेसमधी, देवाच्या फोटूखाली! त्या खालच्या मास्तरचं डोळं तर भर दुपारी लालभडक. ह्या अख्ख्या जिन्यात तुमचं एक घर तेवढं सोवळं. पोरीला हितनं लवकर काढा, एवढंच म्हनतो."

म्हणजे जमलं होतं! आमची सगळ्यांची अब्रू गेली होती, पण लग्न जमलं होतं. दार उघडंच होतं आणि बाहेर जिन्यात निम्मी बिल्डिंग कान देऊन उभी होती. तिथून सासूबाईंचा "अगं बाई!" असा दबका आवाज आला. काका नुसतं "हं" म्हणाले.

मामांना आता रंग चढला होता. "आन् ते समोरचं घर! गिलास झकास, देठाचा. पर त्याच्यावर ह्यो अंगठ्याएवढा डाग. म्हटलं, ज्यानं असला गिलास बाळगला त्याला पुसायची अक्कल नसावी?"

समोरचं घर म्हणजे आमचं. अंगठा माझा. मी काकांकडे बघितलं. त्यांची मान वर झाली, ओठ उघडले, आणि खुर्चीच्या हातावरची बोटं पांढरी पडली. आता हे उठणार, मला वाटलं. आता हा माणूस मामांच्या टोपीला हात घालणार आणि सगळं संपणार.

काका उठले नाहीत. "असेल," ते म्हणाले. "असेल डाग."

मला भडभडून आलं. एका डागासाठी जगाशी वैर घेणारा माणूस मुलीसाठी 'असेल' म्हणाला होता. ह्याहून मोठं काही कुठल्या बापानं केलेलं मी तरी पाहिलेलं नाही, आणि तिथे ते कळणारी मी एकटीच आहे असं मला वाटलं.

एकटी नव्हते. आतल्या दारात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं तो ट्रे टीपॉयवर ठेवला.

"डाग नसतो," ती म्हणाली. "ते ग्लास ह्या घरातले आहेत. सगळे. माझे बाबा बारमन होते, तीस वर्षं. बिल्डिंगमधलं कोणी पीत नाही, बाबाही पीत नाहीत. मी सांगितलं म्हणून त्यांनी ग्लास लपवले. त्यांच्या ग्लासावर डाग नसतो. तुम्हाला कळवायचं ते कळवा, पण माझ्यामुळे बाबांना 'असेल' म्हणायला लागलं, ते मला चालणार नाही."

मग मीच म्हटलं, "डाग माझा आहे. लाडूचं तूप." आणि जिन्यातून मास्तरांचा खणखणीत आवाज आला, "आणि माझे डोळे आलेत हो!"

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "म्हंजी सात घरात मी काय प्यालो?"

"सरबत," मी म्हटलं.

मुलाची आई आतापर्यंत काही बोलली नव्हती. ती हातातल्या स्टीलच्या पेल्याकडे बघत होती, त्याच्यावर कोरलेली तारीख वाचत होती. मी मनात म्हटलं, झालं, आता 'कळवतो' येणार.

"म्हंजी बघा," ती सावकाश म्हणाली. "आमचा भाऊ चौकशीला आला, त्याला सात घरात काचेच्या ग्लासातनं. आन् आमी मुलाकडची मानसं, मानाची, आमाला ह्यो स्टीलचा पेला? त्यो बी दुसऱ्याच कुनाच्या लग्नातला?"

काकांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते ताडकन उठले, आणि बाहेर जिन्यात धावपळ उडाली. पाच मिनिटांत सातही घरांतून ग्लास यायला लागले. कोणी गळ्याला धरून आणले, कोणी आत बोटं घालून एका हातात चार. काका कोणालाही काही बोलले नाहीत. त्यांनी धोतराचा तुकडा काढला, खांद्यावर टाकला आणि मुलाच्या आईसमोर कमरेत किंचित वाकून उभे राहिले.

"आपण काय घेणार?"

बाई गोंधळली. तिलाही हे कधी कोणी विचारलं नसावं. "काय असंल ते," ती म्हणाली.

काकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि देठाचा सर्वांत पसरट ग्लास निवडला. पुसला, पन्हं ओतलं. ट्रे पुढे करताना ग्लास ट्रेवर किणकिणत होता. मुलगी शेजारी आली आणि तिनं ट्रेखाली आपला हात लावला. दोघांनी मिळून तो ट्रे पुढे केला.

बाईनं ग्लास घेतला, बरोबर देठालाच धरला, ओठ लावले आणि न थांबता संपवला. मग पदरानं तोंड पुसलं आणि मुलीचं मनगट धरून तिला आपल्याजवळ बसवून घेतलं.

"पोरगी तर आमी न्हेतो," ती काकांना म्हणाली. "पर मग तुमचे हे एवढे ग्लास पुसायला कोन? तेवढं बघा."

हा विचार काकांनी केलेला नव्हता. इतके दिवस ते लग्न जमण्याच्या काळजीत होते. आता जमलं होतं, आणि जमल्यावर घरात ते एकटेच राहणार होते. ट्रे हातात तसाच धरून ते उभे राहिले आणि सगळ्यांदेखत त्यांचे डोळे भरून वाहायला लागले. मुलीनंही मान खाली घातली. मामा छत्रीशी चाळा करत बसले.

तेव्हा नवरामुलगा उठला. आल्यापासून त्यानं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. त्यानं काकांच्या हातातला ट्रे घेतला.

"मी येत जाईन दर रविवारी," तो म्हणाला. "मला येतं. लॅबमध्ये रोज तेच करतो."